उलटा हात

"गरम ट्रे गार ओट्यावर ठेवू नकोस, खालून घाम येतो," असं दुष्काळबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं आणि मी "हो मॅडम" म्हणत मान डोलावली होती. खरं सांगायचं तर मान डोलावताना माझं लक्ष त्यांच्या चष्म्याकडे होतं. एक काडी दोऱ्याने बांधलेली होती आणि त्या बोलल्या की दोऱ्याचं टोक कानामागे हलायचं. पुढे त्या म्हणाल्या, "जाळीच्या मांडणीवर ठेव, तास दीड तास गार होऊ दे, मग प्रत्येकाच्या खालून उलटा हात घाल. उलटा. तळव्याला ओल कळत नाही." मी तेव्हा मनात हसले होते. मी सूक्ष्मजीवशास्त्रातली पदवी घेतलेली, बाई तीस वर्षांपूर्वी इथे, हॉस्पिटलात, चादरींच्या घड्या घालायला लागलेल्या. किती तापमानाला किती मिनिटांत काय मरतं ते मला तोंडपाठ होतं. यंत्रातून छापील कागद येतो, गठ्ठ्यावरच्या पट्टीचे फिके पट्टे वाफेने काळे होतात, महिन्याचे चाचणी अहवाल असतात. एवढं सगळं असताना खालून हात घालायचा म्हणजे, मला वाटलं, डॉक्टरकडे जाऊन आल्यावर दृष्ट काढण्यासारखं आहे. दुष्काळ हे त्यांचं नाव आम्हीच पाडलेलं. आमचा विभाग हॉस्पिटलच्या तळघरात. वरून रक्ताळलेली अवजारं येतात. आम्ही ती धुतो, मोजतो, जाळीच्या ट्रेमध्ये रचतो, दुहेरी कापडात गुंडाळतो आणि वाफेच्या यंत्रात, ऑटोक्लेव्हमध्ये, घालतो. बाईंना जिथे तिथे सगळं कोरडं लागायचं. त्या जिन्यावर दिसल्या की कुणीतरी म्हणायचं, "चला, दुष्काळ पडला." त्यांना हे ठाऊक होतं. एकदा त्याच म्हणाल्या, "पडू दे. ओला दुष्काळ नको म्हणजे झालं."

त्या मंगळवारी सकाळी पावणेसात वाजता मी भिंगरीचा डबा भरत होते. भिंगरी म्हणजे माझी मुलगी, साडेतीन वर्षांची. एका जागी उभी राहिली तरी स्वतःभोवती फिरते. डबा गरम होता. मी तो रुमालात गुंडाळून दगडी ओट्यावर ठेवला, तिच्या बुटांचे बंद बांधले, नवऱ्याला त्याचा दुसरा मोजा कुठे आहे ते सांगितलं, आणि परत येऊन डबा उचलला. वरून रुमाल कोरडा, इस्त्रीसुद्धा मोडलेली नव्हती. खाली बोटांच्या मागच्या बाजूला गार ओल लागली. डब्याचा गोल ओट्यावर उमटला होता, पाण्याचा. मी तिथेच उभी राहिले. नवरा म्हणाला, "काय झालं? सांडलं का?" मी म्हटलं, "नाही. खालून घाम आलाय." "मग पूस की." "पुसलं तर कळणार नाही ना," मी म्हटलं. तो त्याच्या नेहमीच्या सुरात म्हणाला, "झालं. उठला शंकासुर." तो म्हणतो त्यात खोटं काही नाही. मी गॅस तीनदा बघते. कुलूप लावून खालच्या मजल्यापर्यंत गेलेली परत येते. झोपलेल्या मुलीच्या नाकाशी बोट धरते. कपाळाला तर दिवसातून दहादा हात लावते, आणि तो नेहमी उलटाच. ताप तळव्याला कळत नाही हे मला कुणी शिकवलेलं नाही, हात आपोआप उलटा होतो. इतक्या दहा दहादा बघणाऱ्या बाईने कामावर चार महिने एकदाही हात उलटा केला नव्हता, हे त्या ओल्या रुमालाने मला सांगितलं.

चार महिने म्हणजे भिंगरीला पाळणाघरात घातल्यापासून. पाळणाघर साडेपाचला बंद होतं. तिथल्या काकू वाईट नाहीत, पण त्यांना कुलूप लावायचं असतं. उशीर झाला की त्या मुलीला बूट घालून, दप्तर मांडीवर देऊन बाहेरच्या पायरीवर बसवतात आणि स्वतः शेजारी उभ्या राहून रस्त्याकडे बघतात. पहिल्यांदा मी पावणेसहाला पोचले तेव्हा भिंगरी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "माझी आई अजून शिजतेय." मी वाफेचं काम करते हे तिला मीच सांगितलेलं. काकू हसल्या, मीही हसले, आणि बसमध्ये तिच्या केसांत तोंड खुपसून रडले. मग दुसऱ्या दिवशी एक सोपी गोष्ट सुचली. शेवटचा घाणा, म्हणजे यंत्रातली शेवटची खेप, चारच्या सुमाराला निघतो. तो जाळीवर गार व्हायला साडेपाच होतात, त्यानंतर बघणं, सही, कपाटात रचणं. पण एसीच्या झोताखाली एक स्टीलचा ओटा होता, बर्फासारखा गार. त्यावर ट्रे ठेवले की पाऊण तासात हाताळण्याजोगे व्हायचे. वरून मी बोट लावून बघायची: गार, कोरडे, पट्टी काळी. पाचला सही, पाच दहाला जिना, पाच पंचविसाला पायरीवर कुणी बसलेलं नाही. काळजी करायला माणसाकडे काही अमर्याद जागा नसते. माझी सगळी त्या पायरीवर जाऊन बसली होती. दुष्काळबाई चारला वरच्या मजल्यावर उद्याची यादी आणायला जायच्या. त्या वेळेत मी ओटा वापरत होते आणि त्या यायच्या आत पुसत होते. पुसत होते म्हणजे तिथे पुसण्यासारखं काही असायचं. हे मला तेव्हा दिसत होतं की नव्हतं? हातातलं फडकं ओलं व्हायचं. ओला ओटा पुसताना मी काय विचार करत असे ते आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. बहुधा बसचा.

वाफेतून निघालेल्या गरम गठ्ठ्यात अजून वाफ असते. गार धातूवर ठेवला की तिचं तिथेच पाणी होतं आणि कापड ते पितं. कोरड्या कापडातून जंतू आत जात नाही. ओल्या कापडातून जातो, अगदी सहज. आणि मग रात्रभरात कापड वाळतं. सकाळी गठ्ठा उघडणाऱ्या माणसाला तो कोरडा ठणठणीत मिळतो, पट्टी काळी, खाली माझी सही. हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. मी परीक्षेत लिहिलेलं आहे.

भिंगरीला नवऱ्याच्या हातात देऊन मी निघाले. बसमध्ये उभी असताना मला आदल्या दिवसाची संध्याकाळ हातात आणायची होती, म्हणजे अक्षरशः हातात. मणक्याच्या सेटचे दोन ट्रे. जड, दोन्ही हातांनी उचलावे लागणारे, स्क्रू, सळ्या, मोठे चिमटे असलेले. आमच्याकडे तो सेट एकच. मी तो ओट्यावरून ओढला होता, उचलला नव्हता. ओढताना करंगळीच्या बाजूला काही गार लागलं होतं. ते धातूचं गार होतं की पाण्याचं? कंडक्टर दोनदा काहीतरी म्हणाला. मी दांड्याला धरलेला हात उलटा करून दांडा बघितला, मग सुलटा. शेजारच्या बाई जरा सरकल्या. मला वाटलं, आता जाऊन बोलले तर लोक हेच म्हणणार, हिला तर गॅसचाही भरवसा नसतो. आणि न बोलले तर साडेआठला एका माणसाच्या पाठीत त्या ट्रेमधल्या सळ्या जाणार होत्या. यादीत मी वाचलं होतं: पुरुष, ५८, कंबरेचे मणके, पहिली केस. पाठीत धातू बसवला की जंतूंना भाड्याचं घर मिळतं, ते सहजासहजी खाली करत नाहीत, असं मणक्याचे डॉक्टर एकदा आम्हा नव्या लोकांना म्हणाले होते आणि आम्ही ते छान बोलतात म्हणून हसलो होतो.

थिएटरच्या सिस्टर दाराशीच भेटल्या. मी म्हटलं, "मणक्याचा सेट उघडू नका." त्यांनी घड्याळ बघितलं. "का गं? ओला आहे?" "नाही. म्हणजे आता नसेल. काल होता की नाही माहीत नाही." "हात घातला होतास खालून?" "नाही." "मग माहीत नाही म्हणू नकोस. बघितलं नाही म्हण." त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी आत जाऊन दोन्ही ट्रे माझ्या हातात आणून दिले, कोरडे, इस्त्री केल्यासारखे. मी खालून उलटा हात घातला. काही नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा मी हे करत होते आणि त्याचा आता काही उपयोग नव्हता. भिंतीलगत ढकलगाडीवर तो पुरुष, ५८, पडून होता, डोक्यावर कागदी टोपी, आणि त्याची बायको त्याला विचारत होती, "तहान लागली का?" तो म्हणाला, "लागून काय उपयोग, देणारेत का?" मग माझ्या हातातल्या गठ्ठ्यांकडे बघून मला म्हणाला, "ताई, जेवण आलं का?" मी नाही म्हटलं. त्याचं ऑपरेशन दुपारी दोनला झालं, सेट पुन्हा धुऊन, वाफवून, जाळीवर गार करून. तो सोळा तास उपाशी राहिला. त्याची बायको जिन्यात माझ्यामागे येऊन म्हणाली, "काही बिघडलं होतं का हो? आमचंच का पुढे ढकललं?" मी म्हटलं, "अवजारं पुन्हा स्वच्छ करायची होती." ती म्हणाली, "करा बाई, करा. दोनदा करा."

मणक्याचे डॉक्टर मोठ्याने बोलत नाहीत. लोकांना ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं, मलाही. त्यांनी हात धुता धुता विचारलं, "किती दिवस चाललंय हे?" तोपर्यंत मी एका ट्रेपाशी होते, एका सकाळीपाशी. मला वाटत होतं मी आले, सांगितलं, थांबवलं, म्हणजे संपलं. मी म्हटलं, "चार महिने." नळ चालूच होता. ते म्हणाले, "चार महिन्यांत या सेटवर माझी किती माणसं झाली असतील?" मग स्वतःच बोटांवर मोजायला गेले, पण हात कोपरापर्यंत धुतलेले, वर धरलेले, ते तसेच धरून त्यांनी मान हलवली. "बघून सांग. पाठीची जखम वरून बरी दिसते. आतलं कधी महिन्याने, कधी चार महिन्यांनी वर येतं. आणि हेही लक्षात ठेव, दहा कारणं असतात: कातडी, साखर, थिएटरचं उघडझाप होणारं दार, माझा हात. तुझा ओटा त्यातलं एक. पण ते एक आपल्याला माहीत आहे." मग ते आत गेले आणि दार लागलं.

दुष्काळबाईंना मी सांगितलं तेव्हा त्या स्टीलच्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्या ओट्यापासून बाजूला झाल्या. मी तयारी करून गेले होते, आता हे म्हणतील, आता ते म्हणतील. त्यांनी चष्मा काढून पुसला, दोरा जपत. "पाचला निघायचं होतं तर सांगायचंस ना," त्या म्हणाल्या, "मी केल्या असत्या सह्या. माझं घरी कोण बसलंय पायरीवर?" एवढंच. मग नोंदवही आणायला सांगितली. बाकी रचलेला माल सगळा परत यंत्रात गेला. मणक्याच्या सेटचं नाव ज्या ज्या दिवशी माझ्या सहीसमोर होतं ते दिवस आम्ही थिएटरच्या वहीशी जुळवले. सात माणसं निघाली. बाई म्हणाल्या, "फोन तूच कर. दुसऱ्याने केला तर लोक बरं आहे म्हणतील आणि तो मान्य करेल. तू करणार नाहीस." माझ्या शंकेखोरपणाबद्दल कुणी पहिल्यांदाच बरं बोललं होतं, तेही अशा वेळी.

मी सगळ्यांना खरं सांगितलं, की अवजारांच्या गठ्ठ्याबद्दल शंका आहे, नक्की काही नाही, पाठ दाखवून जा. पहिला एक बसचालक होता. "पाठ? पाठ झकास आहे," तो म्हणाला, "बायको म्हणते आता तोंडाचं ऑपरेशन करा." मागून बायको म्हणाली, "खरंच विचारा हो." दुसरीकडे मुलाने फोन घेतला आणि काय विकताय असं तीनदा विचारलं; मी काही विकत नाही म्हटल्यावर त्याचा संशय आणखी वाढला. एका शिक्षिकेने मला पाऊण तास ठेवून घेतलं आणि शेवटी विचारलं, "तुमचं वय काय?" मी सांगितल्यावर म्हणाल्या, "जेवत जा वेळेवर." फोन लागले ते सहाही जण येऊन गेले. त्यांच्या पाठी मी डॉक्टरांच्या मागे उभी राहून पाहिल्या, वीतभर लांबीच्या रेघा, कुणाची गुलाबी, कुणाची काळपट. रक्त तपासलं. सहाही ठीक. मंगळवारच्या माणसाचे टाके निघाले, तोही ठीक. तो मला म्हणाला, "ताई, आज तरी जेवण आलं का?"

सातवा फोन लागत नाही. तो नंबर अस्तित्वात नाही. केसपेपरवर आहे: स्त्री, ६३, शिवणकाम, कंबरेखालचे दोन मणके, चार स्क्रू. टाके काढायला आली होती, पुढच्या तपासणीला आली नाही. मी पत्त्यावर गेले. भिंगरीला बरोबर नेलं, शनिवार होता. चार मजली इमारत, लिफ्ट नाही, तिसऱ्या मजल्याच्या दाराला नवं कुलूप. समोरच्या दारातून एक बाई ओले हात पुसत बाहेर आल्या. "ती ना? गेली. खोली सोडली. बहिणीकडे जाते म्हणाली की भाचीकडे, मी नीट ऐकलं नाही, कुकर चालू होता." आणि शिवणाचं मशीन? मी विचारलं. "मशीन नेलं की. टेम्पोत पहिलं मशीन चढवलं, मग स्वतः चढली. पाठीचं ऑपरेशन झालेली बाई, पण मशीनला कुणाला हात लावू देईना." मी विचारलं, पाठ कशी होती तेव्हा. त्या म्हणाल्या, "बरी होती. चालायची की कठड्याला धरून. जरा एका जागेतून पाणी यायचं म्हणायची, टाचणीएवढ्या. मी कापूस लावून दिला दोन-चारदा. मी म्हटलं दाखव, तर म्हणाली, मला दिसत नाही तर मी कशाला बघू." त्या हसल्या. मग माझ्याकडे बघून हसायच्या थांबल्या. "काही काळजीचं आहे का?" भिंगरी त्या बंद दारासमोर फिरत होती. मी कठड्याला हात लावला, त्या शिवणाऱ्या बाईने धरला असेल तिथे.

ती सापडावी, तेवढ्यासाठीच हे मी लिहिते आहे. डॉक्टरांनी निरोप पाठवायचे तिथे पाठवले, दुष्काळबाईंनी चार हॉस्पिटलांत विचारलं. तळघरातला स्टीलचा ओटा आता नाही. प्रत्येक गठ्ठ्याच्या चिठ्ठीवर एक नवी ओळ आहे, "खालून हात घातला", आणि तिच्यापुढे सही. मी पाचला निघते, माझा शेवटचा घाणा बाई बघतात. हे सगळं ठीक चाललंय आणि त्यातलं काहीही तिच्यापर्यंत पोचत नाही. टाचणीएवढ्या भोकातून येणारं पाणी म्हणजे कदाचित वरवरचा एखादा राहिलेला टाका. कदाचित आत, स्क्रूच्या बाजूला, काही मुक्कामाला आहे. आत्ता सापडलं तर धुता येतं, औषध देता येतं, पाय वाचतो. ताप यायची वाट बघितली तर मग कशाचाच भरवसा नाही. बसमध्ये परत येताना भिंगरी माझ्या मांडीवर झोपली आणि तिचं कपाळ गार आहे हे बघूनही मी पुन्हा बघितलं. माझ्या मनात येत होतं की त्या बाईची पाठ बघणारी शेवटची माणसं म्हणजे टाके काढणारी नर्स आणि ती शेजारीण. दोघी चांगल्या. दोघींना माझ्या ओट्याबद्दल काही माहीत नाही.

तर तुमच्या इमारतीत, किंवा समोरच्या, गेल्या दोन महिन्यांत कुणी नवी बाई राहायला आली आहे का बघा. साठीच्या पुढची, किरकोळ बांध्याची. गळ्यात मापाची फीत घालूनच वावरते असं शेजारीण म्हणाली. बसताना खुर्चीचा हात आधी चाचपते, उजवा पाय किंचित ओढते. तुमचा फाटलेला कपडा घेऊन जा, ती शिवून देईल, काम चांगलं करते म्हणतात. मशीन थांबलं की विचारा, पाठीतून अजून पाणी येतं का. ती बरं आहे म्हणेल. सगळ्यांना तेच म्हणते. तिचं ऐकून परत येऊ नका. तिच्या मागे जाऊन उभ्या राहा, कपडा वर करायला सांगा, उजेडात बघा, आणि त्या रेघेच्या खालच्या टोकाशी हात लावा. उलटा.